राखणाऱ्याच्या पदरात

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर, म्हणजे पूर्वीच्या कर्झन रोडवर, नवीन महाराष्ट्र सदन उभं आहे. राज्यातले मंत्री, अधिकारी, आमदार इथे मुक्कामाला असतात आणि इथूनच मंत्रालयांच्या बैठकांना जातात. जंगलांचं, खाड्यांचं, समुद्रकिनाऱ्यांचं काय करायचं, याचे बरेचसे कायदे याच परिसरात ठरले: १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, २००२ चा जैवविविधता कायदा, २००६ चा वनहक्क कायदा.

या सदनापासून रस्त्याने हजार किलोमीटरहून दूर, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात, मेंढा नावाचं गोंडांचं एक छोटं गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे ते ‘मेंढा-लेखा’ म्हणून ओळखलं जातं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. वनहक्क कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून ती मेंढ्यात दिली जात होती. दिल्लीचं सरकार गावाने नाकारलेलं नाही, उलट ते आपलंच मानलं आहे. फक्त गावाच्या शिवारातला आणि जंगलातला निर्णय गाव घेईल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

‘निसर्गाधारित उपजीविका’ हा शब्द अलीकडे सरकारी योजनांत आणि संस्थांच्या अहवालांत वारंवार दिसतो. जंगल, खाडी, माळ, समुद्र यांतून मिळणाऱ्या गोष्टींवर लोकांचं घर चालावं आणि ते अशा रीतीने चालावं की त्या जागेतली झाडं, पाखरं, मासे, कासवं टिकून राहतील, असा त्याचा साधा अर्थ. कल्पना कोणालाही पटेल. पण महाराष्ट्रात जिथे ही कल्पना प्रत्यक्षात उतरली, त्या जागा नीट पाहिल्या तर एक क्रम लक्षात येतो. कमाई देणारी योजना आधी आणि गाव नंतर, असं जिथे झालं तिथे योजना संपली की काम थांबतं. जिथे गावाला हक्क मिळाला, त्या हक्काबरोबर राखण करायची जबाबदारी गावाने घेतली आणि मग त्यातून कमाई उभी राहिली, तिथे जंगल टिकलं आणि माणसंही गावात राहिली.

एका बांबूची किंमत

मेंढ्यातल्या या कामाची सुरुवात १९८० च्या दशकातली. गोदावरी आणि इंद्रावती नद्यांवर इंचमपल्ली आणि भोपालपटनम ही दोन मोठी धरणं प्रस्तावित होती. त्यांच्या विरोधात १९८४ मध्ये ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं. बाबा आमटे त्यात होते. धरणं थांबली, पण आंदोलनात गेलेल्या गावांसमोर पुढचा प्रश्न उभा राहिला: बाहेरच्यांपासून जंगल वाचवलं, आता आपण स्वतः ते कसं वापरणार? मेंढ्यातले देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावात अभ्यासगट सुरू केले. एखादा विषय घ्यायचा, त्यावर माहिती गोळा करायची, जाणकारांना बोलवायचं, चर्चा करायची आणि निर्णय मात्र पूर्ण ग्रामसभेने घ्यायचा, तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. एक जण जरी अडून बसला तरी विषय पुढच्या बैठकीत पुन्हा घ्यायचा. याला वेळ लागतो. पण असा झालेला नियम नंतर कोणी गुपचूप मोडत नाही, कारण तो प्रत्येकाने स्वतः मान्य केलेला असतो. पोळ्याला आग न लावता, माशा न मारता मध काढण्याची पद्धत गावात रुजली, ती अशाच अभ्यासातून.

गावाच्या भोवतालच्या सुमारे १,८०० हेक्टर जंगलात सगळ्यांत मोलाचा माल म्हणजे बांबू. पूर्व विदर्भातला बांबू कित्येक दशकं दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद कारखान्यांना दिला जात होता. गावातल्या माणसाला घराच्या कुडासाठी दोन बांबू आणायचे तर चोरासारखं जावं लागे, आणि त्याच जंगलातून कारखान्याचे ट्रक भरून जात.

असा करार जंगलाला महाग का पडतो, हे समजायला बांबूची वाढ समजून घ्यावी लागते. बांबूचं बेट पावसाळ्यात नवे कोंब टाकतं आणि ते कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतात. मात्र ते पक्के व्हायला सुमारे तीन वर्षं लागतात. जुने बांबू काढले आणि कोवळे राखले तर बेट वर्षानुवर्षं उत्पन्न देत राहतं. हंगामात माल काढून निघून जाणाऱ्या ठेकेदाराला पुढच्या पावसाळ्यातल्या कोंबांचं काहीच देणंघेणं नसतं. कर्नाटकात १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी बांबूचा अभ्यास केला तेव्हा कागद गिरण्यांना टनामागे दीड रुपया अशा नाममात्र दराने बांबू दिला जात असल्याचं पुढे आलं. इतक्या स्वस्तात मिळणारा माल जपावा असं कोणाला वाटणार? त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ म्हणून ते साफ करण्यात आलं आणि मग गुरांनी नवे कोंब खाऊन टाकले. स्थानिक लोक मात्र ते काटे ठेवूनच वरून बांबू काढत. त्या काट्यांचं काम त्यांना ठाऊक होतं.

वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनउपज मानलं आणि त्यावर ग्रामसभेची मालकी मान्य केली. २००९ मध्ये मेंढा आणि जिल्ह्यातलंच मर्दा यांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात असे हक्क मिळालेली ही पहिली गावं. तरी पेच सुटला नव्हता. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती, त्यामुळे तो जंगलाबाहेर न्यायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागे आणि खातं तो देईना. मालकी कागदावर, माल मात्र अडकलेला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. २०१२ मध्ये कायद्याच्या नियमांतच दुरुस्ती होऊन परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभांकडे आला.

त्यानंतर मेंढ्याने निविदा काढून बांबू विकला. मजुरीचा दर ग्रामसभेने ठरवला, व्यवहार बँकेतून झाले आणि नफ्यातला भाग पुन्हा जंगलाच्या कामावर खर्च झाला. कधीकाळी दोन बांबूंसाठी रखवालदाराची मिनतवारी करणारं गाव प्राप्तिकर, लेखापरीक्षण, बँक खाती हे सगळं शिकलं. पुढे २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला.

तेंदू सोडणारं गाव

मेंढ्याचं नाव देशभर झालं. पण कमाई आणि संवर्धन यांचा कस लागला तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावात. मिलिंद बोकील यांनी या दोन्ही गावांवर पुस्तकं लिहिली आहेत: ‘गोष्ट मेंढा गावाची’ आणि ‘कहाणी पाचगावची’.

पाचगावला २०१२ च्या जून महिन्यात सुमारे १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ने या लढ्यात साथ दिली होती. हक्क हाती येताच गावाने बसून नियम लिहिले: कुठे तोडायचं, कुठे नाही, गस्त कशी घालायची, नियम मोडला तर दंड किती. बांबूतून गावातच रोजगार मिळू लागला आणि मजुरीसाठी बाहेरगावी जाणं जवळजवळ थांबलं. कमाईचे डोळे दिपवणारे आकडे समोर असताना गावाने सुमारे ३४ हेक्टर जंगल बाजूला काढलं. तिथे काहीच तोडायचं नाही, असं ठरलं.

पाचगावचा दुसरा निर्णय याहून अवघड होता. विदर्भात उन्हाळ्यातली सगळ्यांत मोठी रोकड देणारा हंगाम म्हणजे तेंदूपत्ता. विडीसाठी लागणारी ही पानं एप्रिल-मे महिन्यांत तोडतात. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांचं एक पोतं, असा हिशेब. पानं कोवळी आणि मोठी मिळावीत म्हणून झाडं छाटतात आणि पुष्कळ ठिकाणी जमिनीवर आगही लावतात. पाचगावने हा हंगाम विचारपूर्वक सोडून दिला. छाटणीने तेंदूचं झाड वाढत नाही आणि फळत नाही. त्याची फळं, म्हणजे टेंभरं, माणसं खातात, अस्वलं खातात, पाखरं खातात. आगीत तर रोपं, कीटक, जमिनीवरची घरटी असं सगळंच जातं. बांबूतून हातात पैसा येत होता, म्हणून तेंदूचा पैसा नाकारणं गावाला परवडलं. आणि नाकारायचा अधिकार गावाकडे होता, म्हणून ते प्रत्यक्षात घडलं. बाहेरून कोणी तेंदूबंदी लादली असती तर तिच्याविरुद्ध याच गावातून मोर्चा निघाला असता.

सगळ्या गावांना हे शक्य नाही. गडचिरोलीत शेकडो ग्रामसभा तेंदू विकतात आणि २०१३ नंतर त्यांतल्या अनेकांनी तो स्वतः लिलाव करून विकायला सुरुवात केली. कोरची तालुक्यात सुमारे नव्वद ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, कारण एकट्या गावाला व्यापारी सहज दाबतो. २०१७ मध्ये तेंदूचे भाव खूप चढले आणि २०१८ मध्ये कोसळले. ज्यांनी चढ्या भावावर पुढची गणितं मांडली होती त्यांना तो मार बसला. एकाच मालावर आणि एकाच बाजारावर उभी असलेली उपजीविका किती डळमळीत असते, हे त्या दोन हंगामांनी दाखवून दिलं. मोहफुलांचा प्रश्नही असाच. झाडाखाली पडलेली फुलं नीट दिसावीत म्हणून पाचोळा जाळायची सवय जुनी आहे. झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरलं की आग लावायची गरज उरत नाही आणि फुलंही स्वच्छ मिळतात. बदल छोटा आहे. पण तो घडायला मोहाचं झाड कोणाच्या राखणीत आहे, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाकडे तर राखायला धड जंगलही नव्हतं. अमरावती जिल्ह्यातल्या या गावाला २०१२ मध्ये १९२ हेक्टर जमिनीवर सामूहिक हक्क मिळाला तेव्हा त्यातला मोठा भाग उजाड होता. गावाने चराई आणि तोड थांबवली, रोजगार हमीतून मृद्-जलसंधारणाची आणि लागवडीची कामं केली. ‘खोज’ या संस्थेची मदत होती. काही वर्षांत सीताफळं लगडू लागली आणि ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने ती शहरांत विकली गेली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी जोडलेला भारतीय जैवविविधता पुरस्कार गावाला मिळाला.

किनाऱ्यावरची कासवं

जंगलाला हद्द असते, समुद्राला नाही. म्हणून किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे कोकणातलं इतर गावांसारखंच एक गाव. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. ही अंडी माणसं काढून नेत. कुत्री आणि कोल्हे उकरून खात. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, इथे संरक्षण सुरू केलं. किनाऱ्यावर कुंपण घालून अंडी सुरक्षित जागी हलवायची, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची. ज्यांना अंड्यांच्या जागा अचूक ठाऊक होत्या, अशा गावकऱ्यांनाच कासवमित्र म्हणून कामाला घेण्यात आलं.

२००६ पासून ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली. गावात हॉटेल नव्हतं, म्हणून घराघरांत पाहुण्यांची सोय झाली. जेवण घरचं, झोपायला पडवी किंवा माडी. मार्चच्या आसपासचे काही आठवडे गावात पैसा येऊ लागला आणि कासवाचं अंडं खाण्यापेक्षा राखण्यात गावाचा फायदा दिसू लागला. आता अंजर्ले, गुहागरपासून सिंधुदुर्गापर्यंत अनेक किनाऱ्यांवर अशी राखण होते. २०२२ च्या जानेवारीत भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं. तिचं नाव ‘प्रथमा’. पश्चिम किनाऱ्यावर असा माग घेतलेली ती पहिली ऑलिव्ह रिडले.

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिला २०१७ पासून होडीतून कांदळवन दाखवतात. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या बायका स्वतः वल्ही मारतात आणि कुठलं झाड कसं ओळखायचं, मासे आणि कोळंबी लहानपणी या झाडांच्या मुळांच्या आधाराने कशी वाढतात, हे मालवणीत आणि मराठीत समजावतात. ही कामं उभी करायला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पाचं सहाय्य होतं. राज्य सरकारनेही २०१७ मध्ये कांदळवन संवर्धनाशी जोडलेली उपजीविका योजना आणली. खेकडापालन, जिताड्याचं पालन, कालवं आणि शिणाणे वाढवणं, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असे तिचे प्रकार. गट करून ही कामं घेतली जातात आणि ज्यांचं पोट खाडीवर आहे त्यांनी कांदळवनाची राखण करावी, अशी त्यामागची अपेक्षा.

पर्यटनाला मर्यादा मात्र आहेत आणि त्या स्पष्टपणे मांडायला हव्यात. ते थोड्या आठवड्यांचं असतं. मोठं घर असलेल्याला त्याचा लाभ अधिक, झोपडीत राहणाऱ्याला कमी. आणि गर्दी वाढली की ज्यासाठी लोक येतात तेच संकटात सापडतं. भंडारदऱ्याच्या परिसरात मे-जूनमध्ये काजवे बघायला येणाऱ्या गाड्यांच्या प्रकाशझोतांचं उदाहरण ताजं आहे. काजव्याचा नर लुकलुकून मादीला खूण देतो, आणि झगमगाटात ती खूण हरवते. अशा ठिकाणी आज किती गाड्या आत येतील, हे ठरवायचा आणि पाळायला लावायचा अधिकार तिथल्या गावाकडे असावा लागतो. गाव फक्त चहा-भजी विकणारं राहिलं तर गर्दी रोखण्यात त्याला रस उरत नाही.

कायदा काय मागतो

हक्क मिळाला की लोक जंगल ओरबाडतील, ही भीती वनहक्क कायदा होताना जोरात मांडली गेली. कायद्याने त्याचं उत्तर आपल्या कलमांतच दिलं आहे. कलम ३ मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, तर कलम ५ नुसार वन्यजीव, जंगल, जैवविविधता आणि पाणलोट यांचं रक्षण करण्याचा अधिकार आणि जबाबदारी ग्रामसभेवर आहे. जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. कुठल्या तळ्यात कुठला मासा, कुठल्या औषधी मुळ्या कमी होत चालल्या, कुठलं बी कोणाच्या घरात शिल्लक आहे, याची ती गावाने लिहिलेली नोंद. मनापासून भरली तर तीच व्यवस्थापन आराखड्याचा पाया होऊ शकते. कागद पुरा करायचा म्हणून भरली तर ती कपाटात पडून राहते.

जगातले दाखलेही याच दिशेचे आहेत. नेपाळने १९९३ च्या वन कायद्याने गावगटांकडे जंगलं सोपवली. आज तिथे वीस हजारांहून अधिक गट आहेत आणि उघड्या पडलेल्या डोंगरांवर झाडी परतली आहे. नामिबियाने १९९६ मध्ये सामुदायिक जमिनींवरच्या वन्यप्राण्यांवरचे हक्क गावसमूहांना दिले आणि पर्यटनाचं उत्पन्न त्यांच्याकडे वळवलं. दोन्ही देशांत आधी कायद्याने हक्क दिला, मग उत्पन्नाची घडी बसली.

महाराष्ट्र सामूहिक वनहक्कांच्या बाबतीत देशात आघाडीवर आहे आणि त्यात गडचिरोलीचा वाटा सर्वांत मोठा. पण हक्काचा कागद हाती असलेल्या कितीतरी ग्रामसभांकडे व्यवस्थापन समिती नाही, आराखडा नाही, हंगामाच्या तोंडावर मजुरी द्यायला खेळतं भांडवल नाही, माल ठेवायला गोदाम नाही. भाव पडले की माल पडेल त्या किमतीला द्यावा लागतो.

धोकेही नवे आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोलीत वाघ वाढले आहेत, आणि मोह-तेंदूच्या हंगामात भल्या पहाटे जंगलात गेलेली माणसं त्यांच्या हल्ल्यांत मरतात. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती गडचिरोलीत वावरत आहेत. वाघ आणि हत्ती टिकावेत, असं शहराला वाटत असेल तर त्यांच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबाला वेळेवर भरपाई आणि सुरक्षित हंगाम मिळणं हा संवर्धनाच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे. दुसरीकडे लोहखनिजाच्या खाणी जंगलांकडे सरकत आहेत. कोरचीतल्या ग्रामसभांनी झेंडेपारच्या प्रस्तावित खाणीला विरोध केला, तो याच मोह, तेंदू आणि बांबूच्या उत्पन्नाचा हिशेब मांडून. दरवर्षी येणारं उत्पन्न त्यांच्या हातात होतं, म्हणून तो हिशेब मांडता आला.

सरकारने करण्यासारखं बरंच आहे: प्रलंबित दावे निकाली काढणं, ग्रामसभांना हंगामापुरतं स्वस्त कर्ज देणं, आराखडे बनवायला तरुणांना प्रशिक्षण देणं, मोह, मध, हिरडा, सीताफळ यांवर गावाजवळच प्रक्रिया होईल अशी केंद्रं उभारणं. शहरातल्या ग्राहकाचाही यात वाटा आहे. दुकानात ‘जंगलातला मध’, ‘आदिवासींचा बांबू’ अशा चिठ्ठ्या लावलेला माल आता भरपूर मिळतो. तो घेताना दोन गोष्टी विचारायला हरकत नाही: हा माल कुठल्या ग्रामसभेचा किंवा कुठल्या गटाचा, आणि या किमतीतला किती भाग त्यांच्यापर्यंत पोचतो. उत्तर देणारा विक्रेता मिळाला तर त्याच्याकडून पुन्हा घ्यावं. उत्तर नसेल तर पुढच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारावा.